बेहड्याखाली वाजलेला तांब्या

देवाला सगळं ऐकू येतं, असं लहानपणापासून सांगितलं गेलं आणि मीही ते कधी तपासून न पाहता धरून चालले. पण मागच्या वर्षी अशी वेळ आली होती की ज्याला ऐकू यायला हवं त्या माझ्या घरच्या माणसाला ऐकू येत नाही, आणि ज्याला येतं म्हणतात तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो, अशी माझी खात्री होत चालली होती. तेव्हा मी नेमाने देवळात जात होते, उपास करत होते, पण मनातून देवाशी अबोला धरला होता. अबोला धरलेल्या माणसाच्या घरी जेवायला जावं तसं माझं ते देवळात जाणं होतं.

आम्ही कसबा पेठेत राहतो. खाली कारखाना, वर आमचं बिऱ्हाड. कारखाना म्हणजे मोठं काही नाही. एक काळवंडलेली खोली, एक भट्टी आणि भिंतीला लावलेल्या हातोड्या. आमचे हे तांबट आहेत. तांब्याचा पत्रा ठोकून त्याचे बंब, घागरी, घंगाळी करायची, हे काम त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलं. या कामात उतारवयात कान जातात. आमच्याकडे ते केस पिकण्यासारखंच धरून चालतात, त्याचं कोणी फार बोलून दाखवत नाही. ह्यांचे कान हळूहळू जात होते ते मलाही कळत होतं आणि त्यांनाही. मी आवाज वाढवत गेले, ते मान हलवत गेले, आणि आमचा संसार तसा बरा चालला होता.

मग एका घंगाळाचा काठ फाटला. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं आणि त्याचा आवाज बदलतो, चिरका होतो. तो आवाज आला की कारागीर थांबतो, भांडं भट्टीत घालून परत मऊ करतो आणि मग पुढे ठोकतो. हे कोणी शिकवत नाही, कानाला लागतं. ह्यांना तो आवाज ऐकूच आला नाही. ते ठोकत राहिले आणि काठ पत्रावळ फाटावी तसा फाटला. त्यांनी ते घंगाळ कितीतरी वेळ हातात धरलं, मग खाली ठेवलं, हातोडी भिंतीला लावली आणि वर येऊन जेवायला बसले.

आमची मुलगी हिंजवडीला नोकरी करते. तिने धावपळ करून कानाचं मशीन आणलं. ते लावून हे कारखान्यात गेले आणि पहिल्याच ठोक्याला काढून ठेवलं. कानात कोणी खिळा मारतंय असं होतं म्हणाले. घरात लावून बघा म्हटलं, तर कुकरच्या शिट्टीला दचकून उठले. ते मशीन डबीत गेलं आणि डबी देव्हाऱ्याशेजारी. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबांना फोर्स नको करूस, त्यांना थोडा टाइम दे." टाइम दिला. त्या वेळात हे खुर्ची भिंतीकडे वळवून बसायला शिकले. आधी कोणी आलं की हसून मान तरी हलवायचे, मग तेही थांबलं. मी जेवायला हाक मारायची, परत मारायची, मग ओरडायची. समोरच्या वहिनी एकदा खिडकीतून अगदी शांतपणे म्हणाल्या, "आज भाजी कसली ते आम्हाला कळलं. भावजींना कळलं का?" पेठेत राहायचं तर हे ऐकून घ्यावं लागतं. मी हसले, आणि आत येऊन रडले.

मी देवीकडे मागत होते ते अगदी स्पष्ट होतं. ह्यांचे कान परत दे. दुसरं काही नको. देवीचे शुक्रवार धरले होते, रोज सकाळी कसब्यातल्या गणपतीला जात होते, आणि तिथे उभं राहून वाण्याला सांगावं तसं देवाला सांगत होते, हे दे आणि असं दे.

ह्यांच्याकडे एक काम मात्र बाकी होतं. घंगाळ फाटायच्या आधी मुळशीच्या पलीकडच्या एका वाडीतले पुजारी येऊन वाघजाईच्या मुखवट्याचं सांगून गेले होते. देवीचा जुना मुखवटा झिजून पातळ झाला होता. देवी रानात, एका प्रचंड बेहड्याच्या झाडाखाली उघड्यावर बसते. तिला छप्पर चालत नाही. झाड इतकं मोठं की वाडीतली माणसं हात धरून उभी राहिली तरी त्याला कवेत घेता येत नाही, असं ते कौतुकाने सांगत होते. देवाचं काम परत पाठवायचं नसतं, म्हणून ह्यांनी हातोडी पुन्हा हातात घेतली. घाबरत घाबरत, दर थोड्या ठोक्यांनी भट्टीत घालत, लागायच्या कितीतरी पट वेळ लावून त्यांनी तो मुखवटा घडवला. फार सुंदर झाला. डोळे थोडे मोठे आणि ओठांच्या कडेला हसू. मी पाहत राहिले. हे म्हणाले, "हा देवीला वाहिला की कारखाना बंद. भाड्याने देऊन टाकू."

मला कारखान्याचं काही नव्हतं. पण हातोडी सुटलेला हा माणूस भिंतीकडे तोंड करून किती दिवस टिकेल, याची मला भीती होती. त्यांच्या वडिलांचं तसंच झालं होतं. काम सुटलं आणि वर्षाच्या आत माणूस गेला.

ह्यांच्या घरची एक रीत आहे. देवाचं काम असलं की शेवटचा ठोका कारखान्यात मारायचा नाही. तो राखून ठेवायचा आणि देवाच्या जागेवर जाऊन मारायचा. तोवर काम पुरं झालं असं म्हणायचं नाही. म्हणून आम्ही दोघं निघालो तेव्हा ह्यांच्या पिशवीत मुखवटा होता आणि फडक्यात गुंडाळलेली छोटी हातोडी. माझ्या पिशवीत देवीच्या आंघोळीसाठी पाण्याचा तांब्या, ओटीचं सामान आणि दशम्या. मार्गशीर्षातली पौर्णिमा होती. पौडपर्यंत बस, तिथून जीप. हवा छान गार होती आणि खूप दिवसांनी ह्यांनी खिडकीची जागा मागून घेतली.

वाडीत पोहोचलो तर पुजारीबाबा घराच्या पडवीत लांबच उभे. मी पुढे व्हायला लागले तसा त्यांनी हाताने थांबवलं. आदल्याच दिवशी भावकीतलं एक म्हातारं माणूस गेलं होतं. सगळी वाडी एका आडनावाची, एका भावकीची, त्यामुळे झाडून सगळ्यांना सुतक. देवीपाशी जायचं नाही, मुखवट्याला हात लावायचा नाही, आणि वाट दाखवायला यायचं तर तेही नाही. बाबा फार ओशाळले होते. "आमी समदी सुतकात हाय ताई. आता तेरा दिस सरल्यावर या. वाट बी मोडलीय पावसात, दरड आलीया," असं ते म्हणाले, आणि देवी कुठल्या बाजूला ते दाखवायला वर हात केला. दूरवर, हिरव्या रानाच्या वर एक झाडाचा शेंडा एकटाच उंच उठलेला दिसत होता.

मी ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. पडवीतल्या बायका, पोरं सगळी आमच्याकडे पाहत होती. ह्यांनी शेंड्याकडे पाहिलं, पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि म्हणाले, "देवी काही सुतकात नाही." आणि चालू पडले. घरचं माणूस पेठेत वाढलेलं असलं की त्याच्याशी वाद घालायला जागा सापडत नाही. मी बाबांना नमस्कार केला आणि मागे धावले.

सुरुवातीला वाट होती. मग दरडीचे दगड आले, ते आम्ही बसत-उठत ओलांडले, आणि पलीकडे वाट नव्हतीच. नुसती कारवी, डोक्याच्या वर वाढलेली, आणि तिच्यातून गुरांनी पाडलेल्या फटी. शेंडा बघत जायचं ठरवलं होतं खरं, पण रानात शिरल्यावर शेंडा कुठला दिसायला? वर पाहावं तर सगळीच झाडं उंच. देवराईची सुरुवात कळली ती मात्र हवेवरून. एकदम गारवा लागला, पायाखाली पाचोळा मऊ झाला आणि एका दगडाला शेंदूर दिसला. तिथे आम्ही चपला काढल्या. देवीच्या रानात चप्पल नेत नाहीत, एवढं बाबांनी कारखान्यात आले होते तेव्हाच सांगून ठेवलं होतं. मी दोन्ही जोड दगडाजवळ नीट लावून ठेवले, जणू काही परत येताना दगड सापडणारच होता.

थोडं पुढे गेल्यावर माझ्या टाचेत काटा रुतला. मी ह्यांना थांबा म्हटलं आणि खाली बसले. काटा आत मोडला होता, पिन काढून तो काढेपर्यंत जरा वेळ गेला. मान वर केली तर पुढे कोणी नाही. मी थांबा म्हटलं होतं ते त्यांच्या पाठीला म्हटलं होतं.

पहिल्यांदा मी घाबरले नाही, चिडले. हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. मग लक्षात आलं की मी कोणाला हाक मारते आहे. या रानात मी दिवसभर ओरडले तरी ज्यांच्यासाठी ओरडते आहे त्यांना त्यातलं काही पोहोचणार नाही. फोनला रेंज नव्हती आणि ह्यांचा फोन माझ्याच पिशवीत होता. तरी मी ओरडत राहिले. थांबले की रान इतकं गप्प व्हायचं की ते सहन होत नव्हतं, म्हणून पुन्हा ओरडायची. कारवीत घुसले, हातापायांना ओरखडे आले. एका ठिकाणी झाडी विरळ झाली म्हणून पुढे गेले तर समोर एकदम आभाळ, आणि खाली खोल दरी. तिथे कडा होता आणि कड्याच्या काठापर्यंत गवत वाढलेलं होतं. मी मागे सरून झाड धरलं. ह्यांना ऐकू येत नाही, समोर दिसतं तेही ते हल्ली नीट बघत नाहीत, हे माझ्या डोक्यात आलं.

मी तिथेच बसले. घसा फाटून आवाजाची नुसती हवा होत होती. आणि तेव्हा, किती तरी महिन्यांनी, मी देवीशी खरं बोलले. मोठ्याने नाही, आवाज नव्हताच. मी म्हटलं, मला त्यांचे कान नकोत. कारखाना नको. ते बोलले नाहीत तरी चालेल, भिंतीकडे तोंड करून बसले तरी चालेल. एवढं माणूस दे. बाकी तुझं तू बघ. ते मागणं नव्हतंच तसं पाहिलं तर. मागणारा माणूस हात पुढे करतो. मी हात सोडून दिले होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ठक ठक आवाज आला. पहिल्यांदा वाटलं सुतारपक्षी. पण मी पेठेत तीस वर्षं संसार केला आहे. तांब्यावर पडणारी हातोडी मी झोपेतही ओळखीन. आणि त्यात ह्यांची हातोडी. दोन ठोके सारखे आणि तिसरा किंचित उशिरा, हातोडी जरा फिरवून घेतल्यासारखा. आमच्या आळीत सगळ्यांच्या हातोड्या एकदम चालू असल्या तरी मला वरून तो तिसरा ठोका वेगळा ऐकू यायचा. मी उठले. आवाज थांबायचा तेव्हा मीही थांबायची, पुन्हा सुरू झाला की चालायची. काटे किती लागले ते घरी आल्यावर कळलं.

झाड मला आधी झाड वाटलंच नाही. भिंत वाटली. बेहड्याची मुळं जमिनीतून वर उठून फळ्यांसारखी उभी राहिलेली, माणसापेक्षा उंच, आणि त्यांच्या मधे खोल्यांसारख्या जागा झालेल्या. वर पाहिलं तर खोड संपेच ना. त्रिफळा चूर्णात असतो तोच हा बेहडा. आयुष्यभर चमच्याने घेतला, आणि त्याचं झाड असं असतं हे मला त्या दिवशी कळलं. एका मुळाच्या आडोशाला शेंदराने माखलेली देवी होती, आणि तिच्या शेजारच्या मुळाला पाठ टेकून हे बसले होते. मांडीवर माझा तांब्या. तो पिशवीतून त्यांनी दरड ओलांडताना स्वतःकडे घेतला होता, मी विसरले होते. डाव्या हातात तांब्या धरून उजव्या हाताने ते त्यावर ठोके मारत होते. थोड्या अंतरावर एक बाई उभी होती, हातात काठी, आजूबाजूला तिच्या शेळ्या.

हे मला पाहून म्हणाले, "किती वेळ लावलास."

मला जे बोलायचं होतं त्याची यादी फार मोठी होती. तोंड उघडलं तर काहीच बाहेर येईना. आवाज पार बसला होता. मी नुसती त्यांच्यासमोर बसले, त्यांचा हात धरला आणि रडायला लागले. ती बाई जवळ आली, माझ्या गालांवरून तिने पदराने पुसलं आणि ह्यांच्याकडे बोट करून, मग दरीच्या दिशेने बोट करून, आपल्या मनगटाला दुसऱ्या हाताने घट्ट पकडून दाखवलं. परत परत दाखवलं. तिच्या तोंडून शब्द येत नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की ती मुकी आहे.

ह्यांनी सांगितलं ते असं. पुढे जाताना त्यांना झाडी विरळ दिसली, म्हणून वाट असेल असं समजून ते तिकडे वळले. गवतातून भराभर चालले होते. एकदम कोणीतरी मागून येऊन मनगट धरलं आणि मागे खेचलं. पाहिलं तर ही बाई, धापा टाकत. तिने पुढचं गवत काठीने बाजूला केलं तेव्हा त्यांना दरी दिसली. मी पाहिलेलाच तो कडा. मग ती त्यांना हात धरून इथे घेऊन आली.

ती वरच्या पठारावरच्या धनगरांची, हे आम्हाला परत वाडीत आल्यावर बाबांनी सांगितलं. भावकीतली नाही म्हणून तिला सुतक नाही, म्हणून तिच्या शेळ्या त्या दिवशी देवराईच्या अंगाला होत्या. जन्मापासून मुकी आहे म्हणाले. मी तेव्हापासून एकाच गोष्टीचा विचार करते. त्या जागी दुसरं कोणीही असतं, चांगलं, धडधाकट, तर त्याने लांबून हाक मारली असती. "अहो, पुढं कडा हाय," असं ओरडून सांगितलं असतं आणि ते सांगितलं म्हणजे काम झालं असं त्याला वाटलं असतं. ह्यांना ते ऐकू आलं नसतं. हिला हाक मारताच येत नव्हती, म्हणून ती धावली. त्या सगळ्या रानात त्या दिवशी एकच माणूस होतं आणि ते हेच होतं. याला योगायोग म्हणायचं तर म्हणा, मी कोणाशी वाद घालणार नाही. मी देवीसमोर डोकं टेकलं आणि मग त्या बाईच्या पायावर टेकायला गेले, तर ती मागे उडी मारून हसायला लागली. हसण्यालाही तिच्या आवाज नव्हता.

हे तांब्या का वाजवत होते, असं मी हाताने विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"मला नाही, पण तुला ऐकू येतं ना."

मग त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. पार पोचे पाडले होते त्याला. माझ्या माहेरचा तांब्या, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही, नंतर वाटलं. त्यांनी माझा तळवा तांब्याच्या पोटाला लावला आणि वरून एक ठोका मारला. मग दुसऱ्या जागी मारला, जिथे आधी बराच वेळ ठोकलं होतं. पहिल्या ठोक्याला हातोडी बसत होती. दुसऱ्याला उडत होती आणि तळव्याला झिणझिण्या येत होत्या. ते हळू आवाजात, जवळजवळ स्वतःशीच बोलले, "कडक झालं की हाताला कळतं. इतकी वर्षं कान सांगत होते म्हणून हाताकडे बघितलंच नाही मी." आणि मग ते असे हसले, की तसं हसू मी घंगाळ फाटल्यापासून पाहिलं नव्हतं.

तांब्यात पाणी थोडंच उरलं होतं. तेवढ्याने देवीला आंघोळ घातली. ओटी भरली. ह्यांनी मुखवटा डाव्या तळव्यावर घेतला, डोळे मिटले आणि हनुवटीच्या खाली, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी शेवटचा ठोका मारला. एकच. मग मुखवटा देवीवर चढवला. पानांतून ऊन येत होतं ते त्याच्यावर पडलं. त्या बाईने काठी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि मग माझ्याकडे वळून आपल्या डोळ्यांपुढे हात पसरून दाखवले, डोळे केवढे मोठे म्हणून. आम्ही चौघांनी तिथे बसून दशम्या खाल्ल्या असं मी मुलीला नंतर कागदावर लिहून दाखवलं. मुलगी म्हणाली, "तुम्ही तर तिघंच होतात ना?" मी देव्हाऱ्याकडे बोट केलं. बोलता येतच नव्हतं.

त्या बाईने आम्हाला चपलांच्या दगडापर्यंत आणि तिथून दरडीच्या अलीकडे आणून सोडलं. वाटेत हे तिच्याशी सारखे बोलत होते, हातांनी. शेळ्या किती, घरी कोण कोण, पाऊस कसा झाला. तिला हातवाऱ्यांनी बोलायची सवय आयुष्यभराची, ह्यांना ऐकावं लागत नव्हतं. दोघांचं छान जमलं होतं. महिनोन्‌महिने "काय म्हणालात?" म्हणायची लाज वाटून गप्प राहणारा हा माणूस त्या दिवशी गप्प बसायला तयार नव्हता. मी मागून चालत होते आणि माझ्या टाचेतून रक्त येत होतं आणि मला फार बरं वाटत होतं.

डॉक्टरांनी माझा घसा तपासून सांगितलं की अजिबात बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. आळीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या वहिनी गरम सूप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पेठेत एवढी शांतता मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती." ते दिवस मी विसरणार नाही. मला काही सांगायचं असलं की उठून ह्यांच्यासमोर जावं लागायचं, खांद्याला हात लावावा लागायचा, ते माझ्याकडे बघेपर्यंत थांबावं लागायचं. आणि ते बघायचे. आम्ही दोघं त्या बाईच्या खुणा वापरायचो, काही आमच्या घालायचो. वरणाला एक खूण, मुलीला एक, समोरच्या वहिनींना एक, ती कुठली ते सांगत नाही. एकदा जेवता जेवता ते म्हणाले, "तू ओरडायचीस ना, तेव्हा मला आवाज यायचा नाही. नुसता चेहरा दिसायचा. मला वाटायचं, ही सदा रागावलेलीच असते." मी ताटातला हात तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. ते पुढे म्हणाले, "आता नाही वाटत."

कारखाना भाड्याने गेला नाही. मुलगी आली तेव्हा खालून ठोक्यांचा आवाज ऐकून दारातच थांबली. मशीनची डबी अजून देव्हाऱ्याशेजारी आहे. आता हे घरात, जेवताना, मुलगी आली की मशीन लावतात. कारखान्यात हातच पुरतात म्हणतात. ह्यांना जेवढं ऐकू येत होतं तेवढंच आजही येतं. कान काही परत आले नाहीत. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर देवीच्या मागे लागले होते ती तिने दिली नाही, आणि मी तिच्याकडे ती आता मागतही नाही. काय हवं ते आपल्याला माहीत आहे, फक्त देणाऱ्याने हात ढिला सोडावा, अशा हिशोबात मी आयुष्य काढलं होतं. कड्यावर बसून हात सोडून दिले तेव्हा जे मिळालं ते मागायचं मला कधी सुचलंच नसतं. अजून शुक्रवार करते, गणपतीलाही जाते. जाऊन बसते, दिवा बघते आणि घरी येते. मनात कृतज्ञता मावत नाही आणि ती सांगायला शब्द लागत नाहीत, हेही मला आता कळलं आहे.

आवाज एक दिवस सकाळी आपोआप आला. दिवा लावताना आरती तोंडात आली ती स्वच्छ आली. मी आनंदाने खाली धावले. हे पाठमोरे बसून एका घागरीचा गळा ठोकत होते. दारातूनच मी हाक मारली, "अहो!" खणखणीत. ते अर्थातच वळले नाहीत. मला माझंच हसू आलं. मग पुढे गेले, त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि खांद्याला हात लावला. त्यांनी हातोडी थांबवून माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहतच राहिले, आणि म्हणाले, "आवाज आला वाटतं तुझा."

समोर आल्यापासून मी काही बोललेच नव्हते. कशावरून, म्हणून हाताने विचारलं.

"चेहऱ्यावरून," ते म्हणाले.